डबा उघडल्यावर : छोटा एसएमपीएस, मोठं कार्ड

प्रश्न : लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. मागच्या दिवाळीत एका ऑफिसातून निघालेला ब्रँडेड टॉवर घेतला. आय-फाइव्ह ८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी. एडिटिंगच्या टाइमलाइनवर दोन कॅमेऱ्यांचं फुटेज आलं की अडकत अडकत चालतो. दुकानदार म्हणतो, ८ पिनचं ग्राफिक्स कार्ड घाला, एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) तशी वायर नाही तर साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या विजेच्या वायरीवरून काढलेला, जोड लावून देतो. एसएमपीएसवर २६० वॅट लिहिलंय. चालेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : दादा, तो जोड लावू देऊ नका. बाकीचं मग सावकाश बोलू.

सात-आठ वर्षांपूर्वी नाशिकात माझ्याच दुकानात, माझ्याच हातानं तो जोड मी एका कॉलेजच्या मुलाच्या मशीनमध्ये लावला होता. तासभर गेम चालवून दाखवला, पोरगा खूश. बाराव्या दिवशी स्कूटरवर पायांत डबा ठेवून परत आला. झाकण काढलं तर स्विचबोर्ड जळाल्यावर येतो तो वास. साटाचा काळा कनेक्टर एका बाजूनं मेणबत्तीसारखा ओघळलेला, पिवळ्या वायरीचं प्लास्टिक तपकिरी होऊन आखडलेलं, आणि जोडाला तो असा चिकटलेला की पक्कडीनं ओढून काढावा लागला. कार्ड वाचलं, पण मदरबोर्ड गेला. त्या मॉडेलमध्ये हार्ड डिस्कची वीज एसएमपीएसमधून थेट येत नव्हती, मदरबोर्डवरून वळून येत होती. ऑफिसच्या पुष्कळ मशीनमध्ये हल्ली असंच असतं, तुमच्यातही बघा. नवा बोर्ड मी पदरचे पैसे घालून बसवून दिला. त्याची आई मात्र अजून रस्त्यात भेटली की ओळख देत नाही.

हिशेब आधी केला असता तर दोन मिनिटांचा होता. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, एकेक दीड अँपिअरची. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. आणि ८ पिनच्या सॉकेटवरून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. दोन साटा एकत्र करणारा जोड मिळतो, पण त्याचेही १०८ च होतात, आणि ती दोन्ही टोकं बहुतेक वेळा आत एकाच वायरीवर ओवलेली असतात. एसएमपीएस ५०० वॅटचा असता तरी मी नकोच म्हटलं असतं. टाकी केवढीही असली तरी पाणी नळातून येईल तेवढंच.

आता तुमच्या २६० वॅटबद्दल. त्याला नावं ठेवू नका. ब्रँडेड ऑफिस मशीनचा एसएमपीएस लेबलवर लिहिलेलं सहसा खरं देतो. ‘४५० वॅट’ असं ठळक छापलेला आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा स्वस्त एसएमपीएस बाजारात मिळतो, त्यापेक्षा हा बरा. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, रेंडर करताना, म्हणजे शेवटचा व्हिडिओ तयार करताना, थोडा वर जातो. ९० धरा. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४०. मदरबोर्डच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सगळे मिळून २०५. लेबलवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघून १२ नं गुणा. एकाहून जास्त रांगा असतील तर खाली एकत्रित मर्यादा लिहिलेली असते, ती धरायची. आकडा २०५ च्या वर आला की निवांत राहा.

तेव्हा कार्ड असं घ्यायचं की ज्याला वरून वायरच लागत नाही. आज तुमच्या कामाला मी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं म्हणेन, ७० वॅटचं. २०२४ साली आलं. इथे एक घोळ आहे. ३०५० याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे. ते १३० वॅटचं आहे आणि त्याला वरून वायर लागते. दुकानदार म्हणेल, ‘दोन जीबी जास्त देतो की!’ नको म्हणा. शिवाय काही कंपन्या ६ जीबीच्या कार्डालाही वरून वायरीचं सॉकेट देतात, म्हणून खोक्यावरच्या नावावर न जाता कार्डाची वरची कड स्वतः बघा. सॉकेट दिसलं तर ते आपलं नाही. बजेट कमी असेल तर जुनं जीटीएक्स १६५० चालेल, ७५ वॅटचं. त्यातही सॉकेटवाली आणि बिनसॉकेटवाली अशी दोन्ही येतात. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट खातं म्हणून कोणीतरी सुचवेल. गेमला ठीक, पण त्यात व्हिडिओ एन्कोडर (फायनल फाइल बनवायला मदत करणारा भाग) नाही, म्हणजे एक्स्पोर्ट करताना त्याची मदत शून्य. वर ते स्लॉटच्या चारच लेनवर (डेटा येण्याजाण्याच्या वाटांवर) चालतं आणि तुमचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा, तिथे आणखी मार खातं.

हे सगळं झालं, पण कार्डाआधी मी तुमच्या खिशातून दुसरेच पैसे काढायला लावणार आहे. ८ जीबी रॅमवर दोन कॅमेऱ्यांची टाइमलाइन? एडिटिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९५ टक्क्यांवर टेकलेली दिसेल अशी पैज लावते. आधी १६ करा, एकाच पट्टीऐवजी दोन पट्ट्यांत.

आणि कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन बघा, रेकॉर्डिंग १० बिट ४:२:२ वर, म्हणजे रंगांची जास्त बारीक नोंद ठेवणाऱ्या प्रकारावर, आहे का. बऱ्याच नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हे असतं आणि ‘भारी क्वालिटी’ म्हणून आपण ते लावून ठेवतो. ते फुटेज उलगडायची सोय तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला नाही आणि ३०५० लाही नाही. एनव्हिडियाकडे ती ५० च्या मालिकेपासून आली. म्हणजे कार्डावर पैसे घालून टाइमलाइन तशीच अडकणार आणि तुम्ही मला शिव्या देणार. त्यावर उपाय फुकटचा आहे. रात्री झोपताना प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजच्या हलक्या नकला, बनवायला लावून द्या आणि सकाळी हलक्या फायलींवर कटिंग करा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं फुटेज असेल तर ती रात्र पुरायची नाही, दोन धरा.

बसवताना पॉवरची वायर काढा आणि बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग हात घाला. कार्डाची लांबी पट्टीनं मोजून घ्या. टॉवरमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. मॉनिटरची केबल नंतर कार्डाला लावायची. हसू नका, ‘कार्ड चालत नाही’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दर चारातल्या एकाची केबल जुन्याच जागी असते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एकापेक्षा जास्त डिस्प्ले चालू ठेवायचा पर्याय असेल तर तो सुरू करा, म्हणजे इंटेलचं आतलं ग्राफिक्सही जागं राहील आणि साध्या फायली उलगडायला उपयोगी पडेल.

प्रश्न : मी ८ पिनचं जुनं कार्ड आधीच घेऊन बसलोय, स्वस्तात मिळालं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा ब्रँडेड टॉवर आहे. एसएमपीएसच बदलला तर?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : झाकण काढून मदरबोर्डात जाणारा मोठा कनेक्टर मोजा. २४ पिना असतील तर नशीब, बाजारातला कुठलाही चांगला एसएमपीएस लागेल, फक्त त्याचा आकार आणि स्क्रूची भोकं जुळवून बघा. ८ किंवा ६ पिना असतील तर कंपनीची स्वतःची पद्धत आहे. २४ चा ८ किंवा ६ करणारी वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, ऑनलाइनही मिळते. ती तुमच्या मॉडेलचं नाव सांगूनच घ्यायची, कारण दिसायला सारख्या वायरींत पिनांचा क्रम वेगळा असतो. ही वायर साटाच्या जोडासारखी घातक नाही, मी स्वतः बसवते. पण चांगला एसएमपीएस आणि वायर यांची बेरीज जुन्या टॉवरच्या किमतीएवढी होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढेच आहे. मी असते तर कार्ड विकलं असतं.

प्रश्न : नवं कार्ड घातल्यावर ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का? आमच्याकडे लाइट फार जाते.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ६०० व्हीए म्हणजे बहुतेक यूपीएसमध्ये ३६० वॅट. ७५ वॅटच्या आतलं कार्ड असलेलं मशीन आणि एक मॉनिटर तो उचलेल, पण थोडी मिनिटंच. फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर तेवढीही नाही. लाइट असतानाच, फाइल सेव्ह करून, रेंडर लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करून बघा. टिकलं तर ठीक, नाही तर आधी बॅटरी बदला.