होलाशोवित्सेला जाताय? मग घाई करू नका
चेक प्रजासत्ताकातल्या या छोट्या गावी पहिल्यांदाच जाताय ना, मग राजधानी प्रागहून एका दिवसात पाच ठिकाणं उरकायचा प्लॅन आधी रद्द करा. चेस्के बुदेयोवित्से शहरात मुक्काम ठेवा, तिथून हे गाव साधारण 15 किमी पश्चिमेला आहे. गाव केवढंसं, मधे मोठं हिरवं मैदान, त्यात तळं आणि छोटं चॅपल (1755 चं, सेंट जॉन ऑफ नेपोमुकचं), आणि चारी बाजूंनी घरं, सगळ्यांची नक्षीदार दर्शनी भिंत मैदानाकडे. नुसते फोटो काढत सुटू नका, भिंतींवर वरच्या बाजूला सालं लिहिलीत ती वाचा, बहुतेक 19व्या शतकातली सापडतील. घरांच्या या नक्षीदार शैलीलाच दक्षिण बोहेमियातली (म्हणजे चेक देशाच्या दक्षिण भागातली) ग्रामीण बरोक शैली म्हणतात.

इतिहास थोडा वाचूनच जा हो. पहिली नोंद तेराव्या शतकातली, मग 1520 नंतरच्या प्लेगात म्हणे दोनच माणसं वाचली, पुढे बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडून जर्मन लोक येऊन राहिले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनाही हाकललं, त्यामुळे बरीच घरं ओस पडली. आणि गंमत बघा, नवीन बांधकाम फारसं झालंच नाही म्हणून जुनं टिकलं, 1998 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

अंगणात मात्र डोकावू नका, लोक राहतात तिथे.