इम्पॉर्टंट लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

काल संध्याकाळी कल्याण फास्टमध्ये उभ्या उभ्या तू मेसेज केलास, "ताई, बटण काही केल्या हिरवं होत नव्हतं, शेवटी इम्पॉर्टंट मारला, झालं." रात्री पार्ल्याला घरी पोचल्यावर मी तुझं फोल्डर उघडलं. त्या एका सीएसएस फाइलमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या नियमांच्या फाइलमध्ये, इम्पॉर्टंट, म्हणजे 'हा नियम बाकीच्यांच्या वर धर' असं ब्राउझरला सांगणारी खूण, १९ वेळा आहे. आधीच्या १८ ठिकाणीही असंच "झालं" असणार. म्हणून मेसेजवर दोन ओळी न लिहिता पत्र लिहायला बसले.

बटणापासूनच सुरू करते. गिरगावातल्या त्या ग्रंथालयाच्या साइटवरचं 'मुदत वाढवा'. तू मुख्य-बटण या क्लासला, म्हणजे एकसारख्या घटकांना दिलेल्या सामाईक नावाला, हिरवी पार्श्वभूमी दिलीस, आणि पानावर बटण राखाडीच राहिलं. मी तुझा इम्पॉर्टंट काढला, बटणावर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं. उजवीकडे बटणाला लागू होणाऱ्या नियमांची यादी येते, तिच्यात तुझा नियम होता, पण त्यावर आडवी रेघ. म्हणजे ब्राउझरने तो वाचला, तपासला आणि बाजूला ठेवला. त्याच्या वरच जिंकलेला नियम होता: फॉर्मची आयडी, म्हणजे पानावर एकालाच दिलेलं नाव, आणि तिच्या आतलं बटण. तुझ्या आधी काम केलेल्या कुणीतरी लिहिलेला. शेजारी फाइलचं नाव आणि ओळीचा आकडासुद्धा. हे बघायला अर्धा मिनिट पुरतो. तू तो दिला नाहीस आणि थेट आवाज चढवलास.

रेघ नीट वाचायला शीक. नुसती रेघ म्हणजे नियम हरला. रेघेसोबत पिवळा त्रिकोण म्हणजे लिहिण्यातच चूक आहे, हरण्याजिंकण्याचा प्रश्नच नाही. आणि नियम यादीत दिसतच नसेल, तर सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग, चुकलाय किंवा फाइल पोचलीच नाही. या तिन्ही दुखण्यांवर तू आजवर एकच औषध देत आलास.

ब्राउझरचा निवाडा लहरी नसतो, पायरीपायरीने होतो. आधी नियम कुणाचा ते पाहतात: ब्राउझरचा स्वतःचा, वाचकाचा की आपला, आणि त्यावर इम्पॉर्टंट आहे का. मग पानाचा मजकूर मांडणाऱ्या एचटीएमएलच्या टॅगमध्येच स्टाइल लिहिली आहे का. मग लेयर, म्हणजे आपण नियमांचे केलेले थर. त्यानंतर सिलेक्टरचं वजन, ज्याला आपण स्पेसिफिसिटी म्हणतो. एवढं करूनही बरोबरी झाली, तर फाइलमध्ये जो नंतर आला तो जिंकतो. वरच्या पायरीवर निकाल लागला की खालच्या पायऱ्या कुणी बघत नाही.

वजन ऑलिम्पिकच्या पदकतालिकेसारखं वाच. आयडी सुवर्ण, क्लास रौप्य, टॅग कांस्य. तुझा नियम ०, १, ०. समोरचा १, ०, १. सुवर्णावरच फैसला झाला. अकरा क्लास एकापुढे एक जोडलेस तरी एक आयडी त्यांना भारी पडते, कारण इथे बेरीज होत नाही, रकान्यामागून रकाना तपासला जातो. मीडिया क्वेरीत, म्हणजे पडद्याच्या रुंदीसारख्या अटीत, लिहिल्याने वजन वाढत नाही. एचटीएमएलमध्ये क्लासची नावं कोणत्या क्रमाने लिहिलीस त्यालाही काही किंमत नाही. क्रम मोजला जातो तो सीएसएसमधला.

मग मी काय केलं? तुझ्या नियमाला हातच लावला नाही. जुन्या नियमातली आयडी व्हेअरच्या कंसात टाकली. त्या कंसात जे येतं त्याचं वजन शून्य होतं. जुना नियम ०, ०, १ वर उतरला, तुझा ०, १, ० सहज वर आला, बटण हिरवं झालं. 'रद्द करा' राखाडी राहायला हवं होतं, ते राहिलं. फॉर्ममधली बाकीची बटणं पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातली, कारण कुणाचं वजन कमी केलं की त्याच्या आधाराने उभं असलेलं दुसरं काही कोसळू शकतं. भांडण मिटवायचं तर बहुतेक वेळा वरचढ झालेल्याला खाली आणावं लागतं. दोघांनी चढत राहायचं म्हटलं तर शेरास सव्वाशेर चालूच राहतं.

पानाच्या तळपट्टीत तू अडकलास ते मात्र वेगळं आहे. तळपट्टीला आयडी देऊन पांढरा रंग दिलास, आणि आतला मजकूर काळाच. तुला वाटलं, आयडी असून हरली कशी? ती स्पर्धेत उतरलीच नव्हती. आतल्या परिच्छेदाला रंग मिळणार होता तो वारशाने, आणि वारशाने आलेल्या किमतीला काहीच वजन नसतं. परिच्छेदाच्या टॅगवर कुणी थेट काळा रंग लिहिला असेल तर तो जिंकतो. साध्या तारांकनाचा नियमही जिंकतो, त्याचं स्वतःचं वजन शून्य असूनही. इथे घरात राहणाऱ्याचं ऐकलं जातं, वाडवडिलांचं नाही.

आता इम्पॉर्टंटबद्दल. हे मला मनापासून सांगायचं आहे. १० ऑक्टोबर १९९४ ला सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या हाकोन व्हियुम ली यांनी कॅस्केडचा, म्हणजे वर सांगितलेल्या निवाड्याच्या पद्धतीचा, प्रस्ताव मांडला, तेव्हापासून त्यात पान लिहिणाऱ्याबरोबर वाचणाऱ्याचंही मत धरलेलं होतं. डिसेंबर १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये दोघांनीही इम्पॉर्टंट लिहिलं तर लिहिणारा जिंकायचा. मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे मुद्दाम उलटं केलं गेलं. ज्याची नजर अधू आहे, ज्याला मोठी अक्षरं किंवा गडद रंग लागतात, त्याचा शब्द आपल्यापेक्षा वर. त्या ग्रंथालयाच्या वाचनालयात सकाळी पेपर चाळणारे आजोबा तू पाहिले आहेस, भिंग धरून वाचतात. इम्पॉर्टंट आधी त्यांचा आहे. आपण तो बटणं रंगवायला वापरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी स्वतः हे केलं आहे. उमेदवारीच्या काळात एका ग्राहकाची साइट रात्रीत उघडायची होती. मोबाइलवर मेनू सरकत होता, मी इम्पॉर्टंट लावून तो जागेवर आणला आणि घरी गेले. पुढे गणपतीत त्यांना नुसता मेनूचा रंग बदलून हवा होता. जो माणूस ते करायला बसला त्याने माझ्या इम्पॉर्टंटवर आपला इम्पॉर्टंट चढवला, त्यावर तिसऱ्याने. दिवाळीनंतर ती फाइल मुळापासून नव्याने लिहावी लागली, आणि त्याचे पैसे त्या ग्राहकाने भरले. त्या रात्री इन्स्पेक्ट उघडलं असतं तर ती वेळ आली नसती.

इम्पॉर्टंट कधीच नको असं नाही. टॅगवर लिहून घटक लपवणारं हिडन हे अॅट्रिब्यूट घे. ते ब्राउझरच्या स्वतःच्या नियमाने लपवतं, त्यामुळे आपण क्लासवर डिस्प्ले फ्लेक्स, म्हणजे मांडणीचा एक प्रकार, लिहिलं की लपवलेला डबा पुन्हा दिसू लागतो. तिथे 'हिडन असेल तर डिस्प्ले नन (दाखवू नको), इम्पॉर्टंट' असा एक नियम मी आजही ठेवते, वर कारण लिहून.

शेवटी शीर्षकं. 'दुर्मीळ ग्रंथांची सूची' या शीर्षकात र्मी वरचा रफार आणि वेलांटी छाटली जात होती, खाली सू चा उकारही. बाहेरून आणलेल्या सीएसएस लायब्ररीने, म्हणजे तयार नियमांच्या संचाने, ओळीची उंची रोमन अक्षरांच्या बेताने आवळली आहे, आणि डब्यावर ओव्हरफ्लो हिडन आहे, म्हणजे बाहेर आलेलं छाटलं जातं. शिवाय अक्षरांमध्ये अंतर सोडलंय, त्याने शिरोरेषा तुटते. मराठी पानावर ही चूक मला सहन होत नाही. इथे तुझे सहा इम्पॉर्टंट आहेत, सगळे काढ. लायब्ररी आयात करताना तिला एका लेयरमध्ये टाक. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत हे चालतं. लेयरबाहेरचा आपला साधा नियम लेयरमधल्या कितीही जड नियमाला हरवतो. मात्र लायब्ररीच्या आतच इम्पॉर्टंट असेल तर क्रम उलटतो आणि लेयरमधला जिंकतो, म्हणून आधी तिच्यात शोधून घे. मग शीर्षकाला लँग एमआर, म्हणजे भाषा मराठी, लावून ओळीची उंची १.५ दे, अंतर शून्यावर आण. पानाच्या एचटीएमएल टॅगवरही लँग एमआर लिही, तिथे अजून ईएन आहे.

बटण मी सोडवून पाठवलंय, तळपट्टी आणि शीर्षकं तशीच ठेवली आहेत. शनिवारी दादरला भेटू तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, आणि त्या १९ पैकी उरतील त्या प्रत्येकाच्या वर तो का राहिला ते मराठीत एका ओळीत लिहून आण.

तुझी,
ताई