एंजेलस ही मरियेची पूजा आहे का?

प्रश्न असा आहे: कॅथलिक लोक सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता ‘देवदूत मरियेकडे आला’ अशी जी एंजेलस नावाची प्रार्थना म्हणतात तिचा अर्थ काय, आणि ही देवाला सोडून येशूच्या आईची, मरियेची पूजा नाही का?

पूजेचं आधी सांगतो. नाही. हा प्रश्न आमच्या आईला भर पंगतीत विचारला गेला होता, म्हणून मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली ख्रिस्ती घरं पुष्कळ, आम्ही कॅथलिक थोडे. ताई अशाच एका प्रॉटेस्टंट घरात दिली. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. पानं वाढून झाली, बारा वाजले, आणि आई सवयीने वाढपाचा चमचा खाली ठेवून भिंतीशी उभी राहिली. ओठ तेवढे हलत होते. ताईचे सासरे मोठ्याने म्हणाले, “विहीणबाई, देवाला सोडून बाईला कशाला हाका मारता?” दोन-चार जण हसले. आई म्हणाली, “बसा भाऊ, भाकरी गार होतेय.” बाबा मान खाली घालून जेवले. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होते. तिथे चर्चची घंटा ऐकू येत नसे. बाराच्या सुमाराला तुटलेला धागा जोडता जोडता ते हीच प्रार्थना म्हणायचे. त्यांना उत्तर येत होतं. व्याह्यांपुढे बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत आडवी आली. मला ती रीत तेव्हाही पटली नव्हती.

आता उत्तर. या प्रार्थनेत तीन वचनं आहेत आणि प्रत्येकानंतर एक ‘नमो मरिया’ ही छोटी प्रार्थना. पहिलं, देवदूताने मरियेला निरोप दिला आणि ती पवित्र आत्म्याने गर्भवती झाली. दुसरं, ‘पाहा, मी प्रभूची दासी’. हे बायबलमधलं लूक १:३८. तिसरं, ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’, योहान १:१४. इथे आम्ही गुडघा टेकतो किंवा मान लववतो. मरियेच्या नावापाशी गुडघा टेकत नाही, देव माणूस झाला या वाक्यापाशी टेकतो. सगळा अर्थ इथे आहे. देवाने हाडामांसाचा देह घेतला, सुताराच्या घरात वाढला, घाम गाळला. मागावर उभ्या असलेल्या माणसाने भर दुपारी हे आठवायचं, कारण ज्या देहाने तो राबतोय तसाच देह देवाने पत्करला. शेवटच्या विनंतीत मागणं पित्याकडेच आहे: तुझी कृपा आमच्या अंतःकरणात ओत, आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाने व क्रुसाने आम्हाला पुनरुत्थानाच्या गौरवाला ने.

‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भागही लूकच्या पहिल्या अध्यायातला, देवदूताच्या आणि मरियेची नातलग अलिशिबा हिच्या तोंडचा. उरलं ‘आम्हां पाप्यांसाठी विनंती कर’. ताईचे सासरे आजारी पडले की पाळकसाहेबांना घरी बोलावून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतातच ना? ती पाळकांची पूजा होते का? आणि ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन लूथरनेसुद्धा १५२१ मध्ये लूकमधल्या मरियेने गायिलेल्या स्तोत्रावर आदराने विवेचन लिहिलं आहे.

आमच्यातलेही काही जण ही प्रार्थना गाडी पकडायची असल्यासारखी उरकतात. तसं म्हणण्यापेक्षा एकच वचन सावकाश म्हटलेलं बरं.

हे सगळ्या प्रॉटेस्टंटांबद्दल नाही. ताईच्या सासूबाईंनी त्याच दिवशी आईला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं होतं. आणखी एक राहिलं: पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या काळात एंजेलस म्हणत नाहीत, त्याऐवजी ‘रेजिना चेली’ ही मरियेची दुसरी प्रार्थना म्हणतात, हा नियम १७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी घातला.

तुम्ही स्वतः सुरू करणार असाल तर पाठ नसली तरी चालेल, कागद समोर धरा. दोन-तीन मिनिटं लागतात. जेवायला पाहुणे असतील तरी टाळू नका. कुणी विचारलं तर उभ्या उभ्या ही तीन वचनं वाचून दाखवा, मग समोर व्याही असोत नाहीतर आणखी कुणी.