लेकीचं करिअर आणि कुळागराचा दावा

पत्र: मुलगी बारावी सायन्सला आहे. आमच्या कुळागरावर (नारळी-पोफळीच्या बागेवर) चुलतभावाने १९६८ सालचं विक्रीखत पुढे केलंय. ते बनावट आहे. मुलीने फॉरेन्सिक करून कागदाचं वय काढायला शिकावं, अशी माझी इच्छा. ती इतिहास घेईन म्हणते. कोणती परीक्षा द्यावी? – एक पालक, डिचोली

उत्तर: परीक्षेचं आधी सांगते. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस फोंड्यात आहे, प्रवेश त्यांच्याच प्रवेश परीक्षेतून होतो.

पण तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती मुलीची. पत्रभर कुळागर आहे, मुलीचं म्हणणं मात्र चार शब्दांत उरकलंय. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर घरचा दावा टाकू नका. ती उद्या तज्ज्ञ झाली तरी तिचा अहवाल तुमच्या उपयोगाचा नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न नात्याचाच विचारेल.

शिवाय यंत्रात कागद घातला की साल कळतं, हा समज चुकीचा आहे. बॉलपेनच्या शाईत फिनॉक्सिइथेनॉल नावाचं द्रावक असतं. ते हळूहळू उडून जातं, त्यावरून शाई ताजी की जुनी याचा अंदाज बांधतात. पण साधारण दोन वर्षांनंतर हा फरक मोजण्याजोगा उरत नाही. १९६८ की १९९०, हे त्यावरून ठरत नाही. जुना कोरा कागद मिळवून त्यावर खत लिहिलं, तर कागद जुनाच निघणार! बनावटगिरी पकडली जाते ती काळाच्या विसंगतीतून. पाकिस्तानात २०१७ साली नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाचा २००६ ची तारीख असलेला दस्तऐवज संशयात सापडला, कारण त्यातला कॅलिब्री फॉन्ट सर्वसामान्यांच्या हाती आला २००७ मध्ये. तुमच्या खतात पिनकोड आहे का, बघा. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ‘गोवा राज्य’ असं लिहिलंय का? आपल्याला राज्याचा दर्जा ३० मे १९८७ ला मिळाला. वकिलांना सांगून मूळ खत कोर्टात हजर करायला लावा. झेरॉक्सवर शाईची तपासणी होत नाही.

आता मुलीचं. तिला इतिहासच घेऊ द्या. सायन्सवरून बीएला जाता येतं. जोडीला पोर्तुगीज शिकू द्या, गोवा विद्यापीठात ती एमएपर्यंत शिकवतात. बनावट खतांवर जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये सरकारला एसआयटी नेमावी लागली. पणजीच्या पुराभिलेख खात्यातले पोर्तुगीज अमदानीतले दस्त वाचून समजणारी माणसं गोव्याला हवीच आहेत. अर्थात, हाही माझा सल्ला झाला. तिला नेमकं काय आवडतं, ते तिनेच मला लिहावं. त्या पत्रात दाव्याचा विषय नको.