दहावी की दुकान? त्याआधी कान आणि थायरॉइड तपासा

प्रश्न : माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. प्रमाणपत्रावर सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व, 50 टक्के, असं लिहिलंय. आठवीत आहे. नाव, पत्ता, छोटे शब्द लिहितो, 20 पर्यंत वस्तू मोजतो. घड्याळ कळत नाही. शाळा म्हणते, नववीला घेणार नाही. यांचं म्हणणं, काहीही करून दहावी काढायची. सासूबाई म्हणतात, आपलं किराणा दुकान आहे, गल्ल्यावर बसेल. गेले काही महिने तो फार सुस्त झालाय, हाक मारली तरी ओ देत नाही. मोठी मुलगी बारावीत आहे, आमच्यामागे तीच त्याचं बघेल. त्याच्या करिअरचं काय करावं? – एक आई, कराड

उत्तर :

नमस्कार ताई,

पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये थायरॉइड मंदावणं आणि कानाच्या पडद्यामागे द्रव साचून कमी ऐकू येणं, या दोन्ही गोष्टी सर्रास आढळतात. घरच्यांना मात्र त्या आळस किंवा हट्टीपणा वाटतात. थायरॉइडसाठी टीएसएचची रक्ततपासणी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, या आठवड्यात करून घ्या. डोळेही तपासा. घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण रात्री झोप न झालेलं मूल दिवसा सुस्तच राहणार. यात काही निघालं आणि उपचार सुरू झाले तर आजचा मुलगा आणि तीन महिन्यांनंतरचा मुलगा यांत बराच फरक पडू शकतो. तोवर त्याच्या कुवतीबद्दल कोणताही निर्णय पक्का करू नका. पुढे या तपासण्या दरवर्षी करायच्या.

आता शाळेचं. 'घेणार नाही' असं मान्यताप्राप्त शाळेला म्हणता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 31 नुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे. शाळेला नकार लेखी द्यायला सांगा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, आणि त्याची प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना पाठवा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही भेटा. पण हा हक्क बजावायचाच का, हे आधी ठरवा. नववीच्या बाकावर दिवसभर नुसतं बसायला लागणार असेल तर भांडण जिंकूनही हाती काही लागत नाही. शाळा निम्मा दिवस पाठवायची मुभा आणि त्याच्या पातळीचा अभ्यास द्यायला तयार असेल तरच तिथे ठेवा.

दहावीबद्दल स्पष्ट लिहितो. आज त्याचं वाचन-लेखन ज्या पातळीवर आहे, त्यावर दहावी होणार नाही. राज्य मंडळात लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, पण उत्तर त्यालाच सांगावं लागतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, मार्ग सोपा नसला तरी सैल आहे : पाच विषय, 33 टक्क्यांना उत्तीर्ण, एकदा नोंदणी केली की पाच वर्षं वैध आणि त्यात नऊ संधी. एकेक विषय सोडवत जाता येतं. गृहविज्ञान, चित्रकला असे विषय घेता येतात. त्याआधीची पायरी म्हणजे त्यांचं मुक्त मूलभूत शिक्षण : अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. तुमच्या मुलाची सुरुवात तिथून व्हावी. आणि 'पास करून देतो' म्हणून पैसे मागणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. तसल्या कागदावर मिळालेली नोकरी पहिल्या आठवड्यात जाते. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणात बौद्धिक दिव्यांगत्वाचाही समावेश आहे, हे तुमच्या यजमानांनी वाचलं असेल. पण तो 1 टक्का स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत वाटून घ्यायचा आहे, शिवाय परीक्षा आहेच. त्या आशेवर 15 ते 20 ही वर्षं घालवू नका. कामाच्या सवयी लागण्याचं वय हेच आहे.

सासूबाईंचं बोलणं म्हणूनच मला यजमानांच्या म्हणण्यापेक्षा जवळचं वाटतं. फक्त त्यातलं 'बसेल' चुकलं. गल्ला हे दुकानातलं सगळ्यात अवघड काम. सुटे पैसे, घाई, उधारी, चार गिऱ्हाइकं एकदम. त्याला तिथे बसवलंत तर दोन दिवसांत चूक होईल आणि 'याला जमत नाही' असा शिक्का बसेल. त्यापेक्षा आत जे काम रोज निघतं, एकाच पद्धतीनं होतं आणि झालं की डोळ्यांना दिसतं, ते निवडा. शेंगदाणे, साबुदाणा, साखर यांच्या पुड्या बांधणं हे त्यातलं उत्तम.

पाव किलो शेंगदाण्यांची पुडी घ्या. या कामाचे आठ तुकडे होतात : हात धुऊन टोपी घालणं, पिशवी उघडणं, ती काट्यावर ठेवून शून्याचं बटण दाबणं, ठरलेल्या मापानं दोन मापं ओतणं, आकडा 250 ते 255 मध्ये येईपर्यंत चमच्यानं घालणं-काढणं, सीलिंग मशीनखाली तोंड धरून दाबणं, लेबल चिकटवणं, क्रेटमध्ये ठेवणं. माप असं निवडा की दोन मापांत 240 च्या आसपास येईल, म्हणजे काढण्यापेक्षा घालायचंच काम उरतं. काट्याशेजारी 250 ते 255 हे सहाही आकडे मोठे लिहिलेलं कार्ड लावा. त्याला अडीचशे म्हणजे किती हे कळायची गरज नाही, काट्यावरचा आकडा कार्डावर सापडला की झालं. दहा पुड्यांचा हिशेब हवा तर पुठ्ठ्यावर दहा गोल काढा, एका गोलात एक पुडी. आठही पायऱ्यांचे फोटो काढून ओळीनं भिंतीवर लावा. डाउन सिंड्रोममध्ये ऐकून लक्षात ठेवणं कच्चं आणि बघून लक्षात ठेवणं पक्कं असतं, म्हणून दहा वेळा सांगण्यापेक्षा फोटोंची पट्टी भारी पडते.

शिकवायचं शेवटाकडून. आधीच्या सात पायऱ्या तुम्ही करा, क्रेटमध्ये ठेवणं त्याचं. ते सलग तीन दिवस न सांगता झालं की लेबलही त्याचं. मग सील. असं मागे मागे या. रोज शेवट त्याच्या हातून होतो आणि पूर्ण झालेली वस्तू समोर दिसते, त्यामुळे तो टिकतो. वहीत आठ ओळी आखून प्रत्येकीसमोर रोज एक खूण करा : स्वतः केलं, सांगून केलं, हात धरून केलं. महिन्यानं वही चाळली की अडकतंय कुठे ते दिसेल. बहुतेक मुलं पाचव्या पायरीला अडकतात. तिथे काटा बदलून मोठ्या आकड्यांचा घेतला तरी फरक पडतो.

बिघडतं ते मोठ्यांच्या तोंडामुळे. 'हं, आता काय करायचं?' हीसुद्धा सूचनाच आहे. ती रोज मिळाली तर मूल हात थांबवून तुमच्या तोंडाकडे बघत राहतं आणि महिनोन्महिने तिथेच राहतं. म्हणून समोर नको, मागे उभं राहायचं. थांबला तर मनात दहा अंक मोजायचे, मग फोटोकडे बोट दाखवायचं, बोलायचं अगदी शेवटी. घरातले सगळे एकच शब्द वापरा. आजी 'पुडी', बाबा 'पॅकेट', तुम्ही 'पिशवी' म्हणालात तर त्याच्या लेखी ती तीन वेगळी कामं. आणि उशीर होतोय म्हणून त्याच्या हातातलं काम काढून घेऊन पूर्ण करू नका. हे आयांना सगळ्यात जड जातं.

सुरुवात 20 मिनिटांनी करा. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवली तर पाच-सहा महिन्यांत मधल्या सुट्टीसह दोन तासांवर येतो. काम सकाळी, गर्दीआधी. अर्ध्या तासात किती पुड्या झाल्या तेवढं लिहून ठेवा. उद्या बाहेरचा मालक सगळ्यात आधी तेच विचारेल. पोती मात्र उचलायला देऊ नका, डोक्यावर तर नाहीच. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके काहींचे सैल असतात. अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या. मान दुखणं, चाल बदलणं, नव्यानं कपड्यात लघवी होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

पगार द्या. दर शनिवारी, रोख, त्याच्या हातात. रक्कम लहान चालेल, पण ती त्यानंच खर्च करावी. सुट्टे पैसे मोजता येईपर्यंत वाट बघत बसू नका. 'दहाच्या नोटा पुढे कर, जास्त झालं तर परत मिळेल' एवढ्यावर खरेदी होते : 34 रुपये झाले तर चार नोटा. 30 च्या पुढचं काही असलं की चार, हे दुकानातच शिकवता येतं.

दुकान ही पहिली पायरी धरा, शेवटची नव्हे. घरच्या दुकानात चुका पोटात घातल्या जातात, त्यामुळे 17-18 व्या वर्षी वर्षभर तरी त्यानं बाहेर काम करायला हवं : बेकरी, खाणावळ, रोपवाटिका, कुठेही, जिथे ओळखीचा पण नात्यातला नसलेला मालक असेल. मुंबईत जुहूला 2018 पासून चालणाऱ्या अर्पण कॅफेमध्ये बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेली तरुण माणसं स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करतात. लेमन ट्री हॉटेलांनी डाउन सिंड्रोम असलेले कर्मचारी नेमले आहेत. यजमानांना एकदा ते प्रत्यक्ष दाखवून आणा, दहावीचा आग्रह कदाचित आपोआप निवळेल. बाहेरच्या कामासाठी एकट्यानं जाणं-येणं लागतं, त्यामुळे एकच ठरलेला रस्ता आतापासून घ्या. आधी सोबत, मग वीस पावलं मागून, मग शेवटच्या थांब्यावर वाट बघत. खिशात पत्ता-फोनचं कार्ड हवंच. आपल्या अंगाला कोण हात लावू शकतं, नको असेल तर 'नाही' म्हणून तिथून निघून कसं यायचं, हेही याच टप्प्यावर शिकवायचं. प्रेमळ, सगळ्यांना मिठी मारणारं मूल म्हणून कौतुक होतं, पण कामाच्या जागी नमस्कार किंवा हात मिळवणं, एवढंच.

कागदांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. प्रमाणपत्रावर पुन्हा तपासणीची तारीख असेल तर ती आधीच गाठा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. दरवर्षी नूतनीकरण विसरलं की ते जातं, लोक नेमके तिथेच फसतात.

आणि 18 वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं तुम्ही त्याचे पालक उरत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालक होणाऱ्याला सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही सोय आहे, म्हणजे ठरावीक बाबींत त्याच्याशी बोलून मिळून निर्णय. सौम्य दिव्यांगत्व असलेल्या, कमावू शकणाऱ्या मुलासाठी आधी त्याचा विचार करा.

'तीच बघेल' हे तुम्ही मुलीला विचारून लिहिलंय का? बारावीच्या मुलीवर हे गृहीत धरून टाकलं की ती कॉलेजही कराडच्या आसपासचंच निवडते, आणि कारण कुणाला सांगत नाही. तिचा प्रवेश तिच्या गुणांवर आणि आवडीवर होऊ द्या. मृत्युपत्र करा. त्यात मुलाच्या वाट्याचे पैसे थेट त्याच्या नावे न ठेवता विश्वस्तांकडे ठेवा, आणि विश्वस्त किमान दोन असू द्या, त्यातला एक घराबाहेरचा. कराडमध्ये दिवाणी काम करणाऱ्या वकिलाला हे नवीन नसतं. मुलीनं विश्वस्त व्हायचं की नाही, हे तिला नोकरी लागल्यावर विचारा.

तपासण्यांचे रिपोर्ट आले की ते आणि वहीची पहिली चार पानं पाठवा. एनआयओएसच्या नोंदणीचं तेव्हा ठरवू.