मार्कर अडखळला, तर आधी डोळे पुसा

पेंटबॉलचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, अडखळताच तिच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या सेटिंगला हात घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तुम्ही ती टाळा. आधी हवेची टाकी काढा, गोळ्या रिकाम्या करा आणि मगच सेन्सरची, म्हणजे मार्करच्या ‘डोळ्यांची’, झाकणे उघडा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये ब्रीचच्या (झाडण्याआधी गोळी जिथे बसते त्या पोकळीच्या) एका बाजूने अवरक्त किरण निघतो, समोरचा सेन्सर तो टिपतो आणि ०.६८ इंची गोळीने तो अडवला की गोळी बसल्याचे बोर्डाला कळते. फुटलेल्या गोळीच्या रंगाचा पातळ, वाळलेला पापुद्रा तिथे राहिला, तर रिकाम्या ब्रीचमध्येही गोळी असल्याचा भास होतो. कापूसकाडी पाण्यात किंचित ओलवून तो हलक्या हाताने पुसा आणि जागा पूर्ण वाळू द्या. त्यानंतर बॅटरी बदलून पाहा. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळी हवेत जिलेटिनच्या गोळ्या फुगून अडकतात, तेव्हा दोष सेन्सरचा नसतो. म्हणून गोळ्यांची पिशवी घट्ट बंद ठेवा.