पू, कुत्र्याचा चावा आणि निगेटिव्ह रिपोर्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जखमेत पू झाला, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली का?

उलट, ती कामाला लागली आहे. जंतू आत शिरले की काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे येतात, जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. मेलेल्या पेशी, जंतू आणि खराब झालेल्या ऊती मिळून पू होतो. मात्र गळू धरलं की त्याच्या आत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. म्हणून डॉक्टर चीर देऊन पू काढतात. घरी दाबू नका; जंतू खोलवर जातात.

प्रश्न: कुत्रा चावल्यावर दंडात लस दिली, मग जखमेतही इंजेक्शन कशाला?

लशीत रेबीजचा मारलेला विषाणू असतो. तो ओळखून स्वतःच्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, तयार करायला शरीराला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. तेवढ्यात जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरला, तर त्याला गाठणं अवघड, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून रक्त आलेल्या जखमेत आणि तिच्या भोवती तयार अँटिबॉडी, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, टोचतात. ते लशीच्या पहिल्या डोसाबरोबरच घ्यायचं. राहून गेलं तर त्या डोसापासून 7 दिवसांच्या आत. त्यानंतर स्वतःच्या अँटिबॉडी येऊ लागतात, त्यामुळे ते देत नाहीत. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्यांकडे स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, तयार असतात. त्यांना इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, पण लशीचे बूस्टर डोस लागतात. आणि या सगळ्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची. नेमकं हेच घाईत राहून जातं.

प्रश्न: सर्दी पुन्हापुन्हा का होते?

नुसत्या राइनोव्हायरस या सर्दीच्या विषाणूचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्यावर चालेलच असं नाही. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा सर्दी झाली तर त्यात काळजीचं काही नाही.

प्रश्न: तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली. मग डेंग्यू नाही ना?

असं म्हणता येणार नाही. आयजीएम अँटिबॉडी रक्तात सापडायला साधारण पाचवा दिवस उजाडतो. त्याआधी एनएस-1 चाचणी करतात. ती अँटिबॉडी नव्हे, विषाणूचंच प्रथिन शोधते. म्हणून ताप कधी सुरू झाला ते डॉक्टरांना नक्की सांगा. पोट जोरात दुखणं, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त, यांतलं काही दिसलं तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी थेट रुग्णालय गाठा, ताप उतरला असला तरीही.